चोक काढला की जनरेटर बंद पडतो: घरी काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

दोरी ओढली की इंजिन चालू होतं, पण चोक (गार इंजिन उठवताना हवा अडवणारा खटका) काढला की आचके देत बंद पडतं. अर्धा चोक ठेवला तर चालतं, तेही आवाज वरखाली करत. गणपतीच्या तोंडावर सांगली-मिरजेत छोट्या पेट्रोल जनरेटरच्या ज्या तक्रारी माझ्याकडे येतात, त्यातल्या बहुतेक याच एका दुखण्याच्या असतात. मंडपवाल्यांचा असो, तासगावकडच्या बेदाणा शेडवरचा असो, चायनीजच्या गाड्यावरचा असो की दुकानाच्या मागच्या खोलीत पोत्याखाली झाकलेला असो, वागणं तेच. भारनियमन रोजचं होतं तेव्हा ही यंत्रं रोज चालायची आणि कुरकुर करायची नाहीत. आता वीज बरी असते, म्हणून जनरेटर महिनोन्‌महिने उभा राहतो आणि उभा राहूनच बिघडतो. बिघाड जवळजवळ नेहमी पेट्रोलच्या वाटेवर असतो. इंजिन खोलायची घाई करू नका ती यासाठीच.

पुढचं सगळं एक ते अडीच केव्हीएच्या, दोरीने चालू होणाऱ्या फोर स्ट्रोक पेट्रोल जनरेटरसाठी आहे. डिझेल सेटला यातलं फारसं लागू पडत नाही.

लक्षणं

बंद पडण्याची तऱ्हा नीट पाहिली तर अर्धं काम तिथेच होतं.

- चोकवरच चालतो, चोक काढला की मरतो: पेट्रोल कमी पोचतंय. जेटमध्ये, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक भोकात, कचरा.
- चोक नसताना चालतो, पण लोड नसतानाही आवाज लाटेसारखा वरखाली होतो: तेच कारण, थोडं सौम्य.
- पंधरा-वीस मिनिटं छान चालतो, मग धापा टाकत बंद पडतो, थोड्या वेळाने पुन्हा चालू होतो: टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलंय, किंवा कॉइल गरम होऊन स्पार्क सोडतेय.
- आचका न देता, बटण दाबल्यासारखा एकदम बंद होतो: ऑईल सेन्सर किंवा वायरिंग.
- काळा धूर, पेट्रोलचा वास, स्पार्क प्लग ओला: पेट्रोल जास्त होतंय. वरच्या दुखण्याच्या नेमकं उलट.
- इंजिन झकास, पण बल्ब लागत नाही: हा अल्टरनेटरचा, म्हणजे वीज तयार करणाऱ्या भागाचा विषय. कार्बोरेटरला हात लावू नका.

हात घालण्याआधी

काम उघड्यावर करा. पार्किंगमध्ये नको, शटर अर्धं वर करून दुकानात तर मुळीच नको. जनरेटरच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला रंग नाही, वास नाही, आणि बंदिस्त जागेत तो काही मिनिटांत माणसाला बेशुद्ध करतो. पाच मिनिटं चालवून बघायचं असलं तरी यंत्र अंगणात न्या आणि सायलेन्सरचं तोंड खिडकी-दारापासून लांब ठेवा.

इंजिन पूर्ण गार होऊ द्या, स्विच बंद करा आणि प्लगची टोपी काढून बाजूला करा. टोपी काढली की चुकून दोरी ओढली गेली तरी इंजिन उठत नाही. जवळ गॅस, समई, उदबत्ती, विडी काही नको.

पहिली तपासणी: पेट्रोल

फुकटातली आणि सगळ्यात जास्त वेळा वगळली जाणारी तपासणी हीच. 'टाकी भरलेली आहे' एवढं सांगून लोक पुढे जातात. कधी भरली, हे विचारलं की उत्तर येतं, 'गेल्या गणपतीला.'

२०२३ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येऊ लागलं. आपल्या सांगली-साताऱ्याच्या साखर कारखान्यांतूनही हे इथेनॉल जातं. रोज चालणाऱ्या गाडीत पेट्रोल टाकीत फार दिवस राहत नाही, म्हणून तिथे जाणवत नाही. उभ्या जनरेटरमध्ये मात्र तेच पेट्रोल पावसाळाभर पडून राहतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. ओल एका मर्यादेपलीकडे गेली की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाला बसतात. टाकीचा कॉक तळालाच असतो, त्यामुळे कार्बोरेटरला आधी मिळतं ते हे पाणी. शिवाय पेट्रोलचा हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट थर उरतो.

काचेच्या स्वच्छ बाटलीत थोडं पेट्रोल काढा आणि दहा मिनिटं स्थिर ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला, रंग गडद पिवळा झाला असेल किंवा वार्निशसारखा आंबूस वास आला, तर टाकी पूर्ण रिकामी करा. जुन्यात नवीन मिसळून काम भागवू नका. तळाचं पाणी तळालाच राहतं. काढलेलं पेट्रोल गटारात किंवा मोरीत ओतू नका. गटारात त्याची वाफ साठते आणि पेटते.

ताजं एक लिटर पेट्रोल घाला, कॉक उघडा, दोन मिनिटं थांबा, प्लगची टोपी परत लावा, मग दोरी ओढा. बरीच यंत्रं इथेच सुधारतात.

दुसरी: टाकीचं झाकण

पेट्रोल खाली उतरायचं तर वरून हवा आत यायला हवी. झाकणातलं बारीक भोक धूळ किंवा किड्यांनी बुजलं की टाकीत ओढ तयार होते आणि पेट्रोल थांबतं. इंजिन बंद पडत आलं की झाकण अर्धा आटा सैल करा. लगेच सावरलं, तर दोष सापडला. झाकण धुऊन हवा मारा, नाहीतर नवीन बसवा. सैल झाकणाने कायमचं चालवू नका. यंत्र थरथरतं आणि पेट्रोल उसळून गरम सायलेन्सरवर पडतं.

तिसरी: ऑईल

बहुतेक सेटमध्ये ऑईल कमी झालं की स्पार्क तोडणारा सेन्सर असतो. म्हणून ऑईल कमी असलं की इंजिन एकदम बंद होतं, किंवा चालूच होत नाही. यंत्र सपाट जागी ठेवून पातळी पाहा. शेतात बांधावर तिरकं ठेवलेलं यंत्र ऑईल पुरेसं असूनही बंद पडतं, कारण सेन्सरला ते कमी वाटतं. १६० ते २०० सीसीच्या इंजिनात साधारण ६०० मिली ऑईल बसतं. कुठल्या ग्रेडचं, ते यंत्राच्या पुस्तिकेत पाहा.

इथे एक गोष्ट आवर्जून बघा. ऑईलची पातळी आधीपेक्षा वाढलेली असेल आणि त्याला पेट्रोलचा वास येत असेल, तर कार्बोरेटरची फ्लोट सुई (आत पुरेसं पेट्रोल आलं की वाट बंद करणारी) गळतेय आणि पेट्रोल सिलिंडरमधून खाली ऑईलमध्ये उतरतंय. असं पातळ झालेलं ऑईल बेअरिंग आणि पिस्टन वाचवत नाही. ऑईल बदलल्याशिवाय आणि सुई दुरुस्त केल्याशिवाय इंजिन चालवू नका.

चौथी: एअर फिल्टर आणि सायलेन्सरचं तोंड

फिल्टर तुंबला की हवा कमी पडते, म्हणजे पेट्रोल जास्त होतं आणि काळा धूर येतो. तुमचं यंत्र चोक *मागत* असेल, तर त्याला हवा जास्त आणि पेट्रोल कमी मिळतंय. तेव्हा फिल्टर हे कारण नाही. तरीही डबी उघडून बघा, कारण उंदीर आत घर करतात. फोम साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, ऑईलचे चार थेंब लावून पिळून बसवा. कुंभारमाशी सायलेन्सरच्या तोंडात मातीचं घर बांधते, तेही टॉर्च मारून पाहा.

पाचवी: प्लग

चोक लावून पाच-सहा वेळा दोरी ओढा आणि लगेच प्लग काढा. इथून रस्ता दोन दिशांना फुटतो. प्लग कोरडा निघाला तर पेट्रोल येत नाही, पुढे कार्बोरेटर. ओला निघाला तर पेट्रोल येतंय पण पेटत नाही, म्हणजे स्पार्ककडे बघा.

प्लग तारेच्या ब्रशने साफ करा आणि गॅप ०.७ ते ०.८ मिमी ठेवा. टोक झिजलेलं किंवा चिनीमातीला तडा असेल तर नवीनच घाला, त्यात काटकसर करण्यात अर्थ नाही. स्पार्क बघायचा तर प्लग टोपीत घालून त्याची धातूची बाजू इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा, पण प्लगच्या भोकापासून लांब. भोकातून पेट्रोलची वाफ येते. टोपी उघड्या हाताने धरू नका. स्पार्क निळा आणि कडक हवा. अजिबात नसेल, तर ऑईल पूर्ण असल्याची खात्री करून ऑईल सेन्सरची वायर तपासणीपुरती सोडा. बहुतेक सेटमध्ये ती पिवळी असते. स्पार्क आला तर सेन्सर खराब. ती वायर कायमची तोडून ठेवणारे बरेच आहेत, आणि पुढच्या हंगामात त्यांची इंजिनं जाम होऊन येतात. सेन्सर बदला आणि वायर परत जोडा.

सहावी: कार्बोरेटरच्या वाटीचा स्क्रू

अजून काहीच खोलायचं नाही. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीला पेट्रोल सोडायचा एक स्क्रू असतो. खाली भांडं धरा, कॉक उघडा आणि स्क्रू सैल करा.

सलग धार आली तर टाकी, कॉक, नळी सगळं ठीक. थोडं येऊन थांबलं तर कॉकची जाळी किंवा झाकणाचं भोक. काहीच आलं नाही तर फ्लोट सुई चिकटलीय: वाटीवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलके दोन ठोके द्या, बऱ्याचदा सुटते. धारेबरोबर पाण्याचे गोळे किंवा पांढरट कण आले, तर ते संपेपर्यंत सोडत राहा. काही सेटमध्ये कॉकखाली गाळ साठायची छोटी वाटी असते, तीही खोलून पुसा. रबरी नळी दाबून पाहा. कडक झाली असेल, तडे असतील, तर बदला. पेट्रोलला चालणारीच नळी घ्या. पाण्याची पारदर्शक नळी महिन्याभरात काठीसारखी होते.

सातवी: जेट

खरं दुखणं बहुधा इथे असतं.

मेन जेट म्हणजे मध्ये एक बारीक भोक असलेला पितळी स्क्रू. भोक मिलिमीटरपेक्षाही लहान. इंजिनच्या ओढीने पेट्रोल त्यातून वर चढतं आणि हवेत मिसळतं. सुकलेल्या पेट्रोलचा थर बसून ते भोक किंचित अरुंद झालं, की नेहमीच्या ओढीला पुरेसं पेट्रोल येत नाही. चोक लावला की हवेची वाट अडते, आतली ओढ वाढते, आणि त्याच अरुंद भोकातून जास्त पेट्रोल खेचलं जातं. चोकवर चालणं म्हणजे जेट तुंबल्याची कबुली आहे. चोकवरच दिवस ढकलू नका. लोड बदलला की मिश्रण बिघडतं, व्होल्टेज हेलकावतं, आणि शेवटी जोडलेली उपकरणं जातात.

टाकीचा कॉक बंद करा. वाटीखालचा बोल्ट बहुधा १० मिमीचा असतो. वाटी सरळ खाली घ्या, तिच्या कडेचं रबरी पॅकिंग जपा. तळाला पांढरा-हिरवट थर किंवा चिकट पिवळा रस दिसेल. मधल्या खांबात खालून पाहिलं की मेन जेट दिसतो. खाचेत *घट्ट* बसणारा चपटा स्क्रू ड्रायव्हर वापरा. पितळ मऊ असतं, एकदा खाच कातरली की जेट निघत नाही. जेटमागे आडवी बारीक भोकं असलेली एक नळी असते, तीही खाली येते. ती काढायची लोक विसरतात, जेट साफ करतात, आणि दुखणं तसंच राहतं.

जेट उजेडाकडे धरा. भोक गोल आणि लख्ख दिसलं पाहिजे. कडेला जरा जरी सावली असली तरी साफ नाही. कार्बोरेटर क्लीनर मारा, थोडा वेळ भिजू द्या, मग कंप्रेसरची हवा मारा. पंक्चरवाल्याकडे पाच मिनिटांत होतं. डोळ्यांवर चष्मा हवा, कारण फवारा दुसऱ्या भोकातून थेट तोंडावर येतो. हट्टी कचऱ्याला मऊ तांब्याच्या वायरची एक तार हलक्या हाताने फिरवा. सुई, टाचणी, सेफ्टी पिन, ड्रिल यांतलं काही नको. भोक किंचित जरी मोठं झालं तरी यंत्र कायम पेट्रोल जास्त खातं आणि काळा धूर सोडतं.

मेन जेट साफ करूनही लोड नसताना आवाज वरखाली होत असेल तर पायलट जेट बघा. बऱ्याच कार्बोरेटरमध्ये तो वरच्या बाजूला, स्पीडच्या स्क्रूखाली काळ्या प्लॅस्टिकचा छोटा तुकडा असतो. स्क्रू किती आटे आत होता ते मोजून ठेवा, काढा, आणि जेट सरळ वर ओढा. याचं भोक मेन जेटपेक्षाही बारीक. एवढ्याशा तुकड्यामुळे लोक इंजिन खोलून बसलेले मी पाहिलेत.

फ्लोट काढलात तर सुईचं रबरी टोक बघा. त्यावर गोल खाच पडली असेल तर सुई बदला, नाहीतर पेट्रोल गळत राहील. सगळं बसवल्यावर कॉक उघडून पाच मिनिटं नुसतं बघत राहा. कुठेही थेंब दिसला तर चालू करू नका.

अख्खा कार्बोरेटर काढायची वेळ आली तर आधी मोबाईलवर तीन-चार बाजूंनी फोटो काढा: गव्हर्नरची (इंजिनचा वेग सांभाळणाऱ्या भागाची) काडी कुठल्या भोकात, बारीक स्प्रिंग कुठे अडकवलीय, पॅकिंग कुठल्या क्रमाने. आतला धातू खरवडला गेला असेल, पांढरी बुरशी पोखरून गेली असेल, तर साफ करत बसू नका. १६०-२०० सीसीच्या प्रचलित इंजिनांचे कार्बोरेटर बाजारात सहज मिळतात. जुना बरोबर नेऊन भोकं जुळवून घ्या.

गव्हर्नरला हात लावू नका

आवाज वरखाली झाला की लोक पहिल्यांदा गव्हर्नरची स्प्रिंग ताणतात. थोडा वेळ बरं वाटतं, कारण इंजिन जोरात पळतं. पण साध्या जनरेटरची फ्रीक्वेन्सी थेट इंजिनच्या वेगावर असते: ३००० फेऱ्यांना ५० हर्ट्झ. वेग वाढला की फ्रीक्वेन्सी वाढते आणि व्होल्टेजही चढू शकतं. मग मंडपातले एलईडी ड्रायव्हर, ॲम्प्लिफायर, फ्रिजचं कार्ड, एकेक करून जातं. वेग वरखाली होतो तो बहुधा पेट्रोल कमी पडल्यामुळे. गव्हर्नर फक्त सावरायची धडपड करत असतो. जेट साफ झाला की तो आपोआप शांत होतो.

आता थांबा

एवढं करूनही यंत्र उठलं नाही, तर पुढचं काम मिस्त्रीचं. का, तेही सांगतो.

दोरी ओढताना मध्ये जो अडथळा लागतो तो लागलाच नाही, दोरी सहज आली, तर कॉम्प्रेशन गेलंय. व्हॉल्व्ह गंजून अडकलाय, टॅपेट बिघडलंय किंवा रिंग गेलीय. टॅपेटची फट या आकाराच्या इंजिनात मिलिमीटरच्या पाव भागापेक्षाही कमी असते. फिलर गेज आणि सराव नसेल तर हेडचं झाकण उघडू नका. फ्लायव्हील पुलरशिवाय निघत नाही. हातोडीने ठोकलात तर क्रँक वाकतो. दोरीच्या कव्हरमधली स्प्रिंग ताणलेली असते, उसळून बोटं आणि डोळे फोडते.

इंजिन चालतं पण करंट नाही, तर फक्त बाहेरचा ब्रेकर पडलाय का बघा आणि दुसरा बल्ब लावून पाहा. फार दिवस उभ्या जनरेटरचं उरलेलं चुंबकत्व जातं, कार्बन ब्रश चिकटतात, एव्हीआर (व्होल्टेज स्थिर ठेवणारं कार्ड) जळतो. ही कामं मोटर वाइंडिंगवाल्याकडे लवकर होतात. इन्व्हर्टर प्रकारचा जनरेटर असेल तर त्याची पेटी उघडूच नका, आतले कपॅसिटर यंत्र बंद केल्यावरही झटका देऊ शकतात.

पुरात बुडालेलं यंत्र हा वेगळाच प्रकार. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर सांगलीत गाळाने भरलेले जनरेटर ढिगाने दुरुस्तीला आले. पाणी ओसरल्यावर लोक पहिल्यांदा दोरीच ओढून बघतात. ओढू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, जोर लावला की आतलं काहीतरी वाकतं. ऑईल दुधाळ झालेलं असतं आणि वाइंडिंगमध्ये गाळ बसलेला असतो. प्लगची टोपी काढा आणि जसंच्या तसं, होईल तितक्या लवकर मिस्त्रीकडे न्या. वाइंडिंग वाळवून इन्सुलेशन तपासल्याशिवाय त्यातून वीज घेणं जिवावर बेतू शकतं.

आणि घराच्या प्लगमध्ये दोन्हीकडे पिन असलेली वायर घालून जनरेटर जोडणं बंद करा. मेन स्विच चुकून चालू राहिला तर तुमची वीज उलटी लाइनवर जाते, आणि पुरवठा बंद आहे असं समजून खांबावर चढलेल्या महावितरणच्या माणसाला लागते. चेंजओव्हर स्विच (एका वेळी लाइन किंवा जनरेटर, एकच जोडणारा) परवानाधारक वायरमनकडून बसवून घ्या.

मिस्त्रीकडे नेताना 'चालत नाही' एवढंच सांगू नका. चोकवर चालतो का, प्लग ओला होता की कोरडा, वाटीतून धार आली का, हे तिन्ही सांगा. त्याचा वेळ वाचतो आणि तुमचे पैसेही.

दुरुस्तीनंतर

पाच मिनिटं लोडशिवाय चालवा, चोक पूर्ण काढून. मल्टीमीटरने व्होल्टेज बघा; २३० च्या आसपास स्थिर हवं. २५० च्या वर गेलं तर काही जोडू नका. मग दोनशे वॉटचा साधा बल्ब, मग इस्त्री. इस्त्री जोडल्यावर आवाज क्षणभर दबून सावरला की ठीक. टीव्ही, फ्रिज त्यानंतरच.

पुन्हा तेच होऊ नये म्हणून

वापर झाला की स्विचने बंद करू नका. लोड काढा, कॉक बंद करा आणि वाटीतलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप थांबू द्या. महिनाभरापेक्षा जास्त ठेवायचा असेल तर टाकीही रिकामी करा आणि वाटीचा स्क्रू सोडून शेवटचे थेंब काढा. घरात लागतोच असेल, तर महिन्यातून एकदा वीस मिनिटं *लोडवर* चालवा. नुसता पळवून उपयोग नाही, वाइंडिंगमधली ओल लोडशिवाय जात नाही.

पेट्रोलवर चालू होऊन रॉकेलवर चालणारे जुने सेट अजून काही जणांकडे आहेत. त्यांना बंद करण्याआधी कॉक पेट्रोलवर फिरवा आणि काही मिनिटं चालू द्या. वाटीत रॉकेल राहिलं तर गार इंजिन ते पेटवू शकत नाही, आणि दुसऱ्या दिवशी कितीही दोरी ओढली तरी ते उठत नाही.